होडी पाण्याने भरली तरी बुडू नये

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई


महोदय,

या पत्रात मागणी एकच आहे आणि ती आरंभीच मांडतो. ज्या छोट्या मासेमारी होडीत शासनाचा एक रुपयाही गुंतला आहे, ती होडी मच्छीमाराच्या ताब्यात जाण्याआधी खाडीत उभी करून काठोकाठ पाण्याने भरावी. इंजिन, जाळी आणि खलाशी यांचे वजन तेव्हा तिच्यावर असावे. तरीही ती सपाट तरंगत राहिली, तरच अनुदानाचा शेवटचा हप्ता सुटावा. ही चाचणी एका भरतीत उरकते. तिला परदेशी यंत्र लागत नाही की मोठी प्रयोगशाळा.

मी सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर वाढलो. आमच्याकडे कुणी नवी होडी घ्यायला निघाला, की चार प्रश्न विचारतो: लांबी किती, मशीन किती ताकदीचे, माल किती मावतो आणि किंमत काय. भर समुद्रात होडीत पाणी शिरले तर तिचे काय होईल, हा पाचवा प्रश्न क्वचितच कुणी काढतो. तो विचारण्याची सवय मच्छीमाराला लागायला हवी, हे खरेच. पण ज्या खात्याच्या पैशातून शेकडो होड्या पाण्यात उतरतात, त्या खात्याने तो आधी विचारला, तर कारखानदार आणि गिऱ्हाईक दोघेही आपोआप विचारू लागतील.

लहान होडी आज एवढी बाहेर का जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. किनाऱ्यालगतचे पाणी पर्ससीन आणि एलईडीने ओरबाडले गेले. केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीला बंदी घातली, तरी त्या दिव्यांविरुद्धचे मोर्चे आणि भांडणे किनाऱ्यावर चालूच राहिली. कांडाळी जाळ्यांना पूर्वी जवळच मिळणारी सुरमई आता दूर गेली. दुसरीकडे पेट्रोलवरची आऊटबोर्ड मशीन हाताशी आली. हैदराबादची ‘इनकॉइस’ ही संस्था उपग्रहाने टिपलेले पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवते. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर पसरली आहे. दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते, म्हणून आमच्या भागात खोल पाणी तुलनेने लवकर लागते. या सगळ्याचा परिणाम असा, की सहा-सात मीटरची उघडी होडी, जी एके काळी डोंगराची रेघ दिसेनाशी होण्याआधी परतायची, ती आज १२ सागरी मैलांची हद्द ओलांडून जाते. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. १२ मैल म्हणजे सव्वाबावीस किलोमीटर. तिथे मशीन बंद पडले, तर वल्ह्याने परतण्याची भाषा कुणी करू नये.

होडी दूर जाऊ लागली त्याच काळात तिचा देहही बदलला. आंबा, फणस, साग, ऐन यांच्या लाकडाची जागा फायबरने घेतली. हा बदल योग्यच होता. चांगले लाकूड मिळेनासे झाले, ते परवडेनासे झाले. लाकडाला समुद्रातली कीड लागते, दरवर्षी तेलपाणी करावे लागते, फटी बुजवाव्या लागतात. फायबरची होडी हलकी असते, कमी इंधन पिते आणि वाळूवर चार माणसांना ओढता येते. पण लाकडात एक गुण होता, जो कुणी मागितला नव्हता आणि म्हणून हरवल्याचेही कुणाच्या ध्यानात आले नाही. लाकूड पाण्यापेक्षा हलके असते. लाकडी होडी भरली, तरी बहुधा पाण्याच्या पातळीशी तरंगत राहायची आणि माणसांना धरायला काहीतरी उरायचे. तिला उलांडी असली, तर उलटण्यालाही मोठा विरोध व्हायचा. फायबरचे तसे नाही. काच आणि रेझीन मिळून बनलेले हे कवच पाण्याच्या सुमारे दीडपट जड असते. आत हवा आहे तोवर ते तरंगते. हवेची जागा पाण्याने घेतली, की आधाराला दुसरे काही नसेल तर ते मशीनसकट तळाला जाते.

यावर उपाय जुना आहे. अमेरिकेत १९५८ साली रिचर्ड फिशर यांनी ‘बोस्टन व्हेलर’ नावाची १३ फुटी फायबर बोट बाजारात आणली. तिच्या दोन कवचांमधली सगळी जागा फोमने भरलेली होती. १९६१ साली ‘लाइफ’ मासिकात तिची छायाचित्रे आली. फिशर बोटीत बसले आहेत, बोट करवतीने मधोमध कापली जाते आहे आणि मागच्या अर्ध्या तुकड्याला लावलेले मशीन चालवत ते निघून जातात. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेने कायदाच केला. २० फुटांपेक्षा लहान अशा बहुतेक मोटारबोटी पाण्याने भरल्या तरी तरंगत राहतील, एवढा आधार बसवणे कारखान्यावर बंधनकारक झाले. अन्न व कृषी संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना यांनी मिळून १२ मीटरपेक्षा लहान आणि उघड्या मासेमारी नौकांसाठी सुरक्षेच्या शिफारशी केल्या आहेत. पाणी भरल्यावरही नौकेला तरंगत ठेवणारा आधार त्यांनीही आवश्यक मानला आहे.

आता हिशेब मांडतो, कारण हे प्रकरण किती आवाक्यातले आहे ते त्यातूनच दिसेल. होडीचे फायबरचे कवच ५०० किलोचे आहे असे धरू. पूर्ण बुडाल्यावर पाणी स्वतःच त्याचा बराच भार उचलते. उरतो तो १६५ किलोच्या आसपास. मशीनचे ४५ किलो. नांगर, दोर आणि ओल्या जाळ्यांचे ५० किलो. कमरेपर्यंत पाण्यात बसलेल्या तीन माणसांचा भार सुमारे १०५ किलो. एकूण झाले ३६५ किलो. एक लिटर बंद पेशींचा फोम स्वतःचे वजन वजा जाता जवळजवळ एक किलो भार उचलतो. सुरक्षेसाठी थोडी भर घातली, तर ५०० लिटर फोम पुरेसा होतो. म्हणजे २०० लिटरच्या अडीच पिंपांएवढी जागा. सात मीटरच्या होडीत बाकांखाली, दोन्ही काठांच्या आतल्या बाजूला आणि नाळेत मिळून एवढी जागा सहज निघते.

पण फोम कुठला आणि कुठे, याला फार महत्त्व आहे. थर्माकोल स्वस्त पडतो, मात्र पेट्रोल सांडले की तो विरघळतो. उघड्या पेशींचा फोम पाणी शोषतो आणि दोन-तीन मोसमांत स्वतःच ओझे होऊन बसतो. नुसते बंद कप्पे ठेवले, तर कुणीतरी खिळा मारतो, झाकणाचे रबर झिजते आणि कप्पा गळू लागतो. हे कळते ते नको त्या दिवशी. फोम तळाशी भरला, तर भरलेली होडी पालथी होऊ पाहते. तो काठांजवळ, जमेल तितका वर आणि मशीनच्या वजनासाठी मागच्या बाजूला जरा जास्त असायला हवा. काही होड्यांत बाकांखाली कप्पे असतात, काहींत फोमही असतो. तो किती किलो उचलतो, हे लिहून देण्याची सक्ती मात्र व्हायला हवी. फायबरच्या आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच कागदावरच्या प्रमाणपत्रापेक्षा मी पाण्याने भरून पाहण्याचा आग्रह धरतो.

बुडू नये ही पहिली अट. उलटू नये ही दुसरी. होडीचे आडवे कलणे सर्वांत जास्त तिच्या रुंदीवर अवलंबून असते. लांबी आणि वजन तेच ठेवून रुंदी एक दशांशाने वाढवली, तर रुंदीतून मिळणारा आधार जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. वेगाच्या हौसेने अरुंद, चिंचोळी होडी घेणारा तरुण हाच आधार गमावतो. शिवाय तळात साचलेले पाणी मोकळे खेळत असते. होडी ज्या अंगाला कलते, त्याच अंगाला ते धावते आणि तिला आणखी कलवते. मोकळे ओतलेले मासेही असेच सरकतात. म्हणून मासे खणांत विभागून ठेवावेत, बर्फ आणि नांगर तळाशी ठेवावेत, ओल्या जाळ्यांचा ढीग काठाच्या वर चढू देऊ नये.

१९७९ साली इंग्लंड-आयर्लंडच्या समुद्रातल्या फास्टनेट शर्यतीत वादळाने १५ शर्यतपटूंचे बळी घेतले. त्यानंतर ब्रिटनमध्ये नौकांच्या प्रतिकृतींवर चाचण्या झाल्या. नौकेच्या लांबीच्या सुमारे ३० टक्के उंचीची फुटती लाट आडवी बसली, तर काही नौका उलटतात आणि ६० टक्के उंचीची बसली, तर जवळपास सगळ्याच, असे त्यांतून दिसले. त्या नौकांना झाकलेले डेक होते आणि तळाशी वजनदार कणा होता. आपल्या सात मीटरच्या होडीसाठी ३० टक्के म्हणजे दोन मीटरची लाट. तिला डेक नाही आणि कणाही नाही. एवढी लाट आपल्या किनाऱ्यावर पाहायला वादळाची वाट बघावी लागत नाही. उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर ती फुटताना दिसते. आंजर्ले, दाभोळ, आचरा, देवबाग इथल्या मच्छीमारांना ते नव्याने सांगायला नको.

हाच दांडा ओलांडून घरी येताना लाट मागून येते. तेव्हा होडीची मागची फळी कशी आहे, यावर सगळे ठरते. मशीन बसवायला ती फळी मधोमध खाली कापलेली असते. तिथून एक लाट आत आली, की मागचा भाग जड होतो आणि दुसरी लाट अधिक सोपेपणाने येते. म्हणून त्या कापाच्या पुढे आडवी भिंत घालून मशीनचा वेगळा खण करावा आणि त्यातले पाणी आपोआप बाहेर जाईल अशी भोके ठेवावीत. लांब दांड्याचे मशीन घेतले, तर फळी उंच ठेवता येते. हे होडी बनतानाच करायचे काम आहे. नंतर करू म्हटले तर ते होत नाही.

तिसरी अट परतीची. एकाच मशीनवर १२ मैलांपलीकडे जाऊ नये. दुसरे लहान मशीन असावे आणि त्याची टाकी, नळी, गाळणी सगळे वेगळे असावे. पेट्रोलात पाणी शिरून पहिले मशीन बंद पडले, तर त्याच टाकीवरचे दुसरे काय कामाचे? इंधनाचे तीन भाग करावेत: एक जाण्याचा, एक येण्याचा आणि एक हाताशी राखून ठेवण्याचा. १० अश्वशक्तीचे मशीन पूर्ण जोरात तासाला साधारण ४ लिटर पेट्रोल खाते. सकाळी मतलई वाऱ्यासोबत बाहेर पडणे सोपे जाते, पण दुपारी खारा वारा उठला की समुद्र खवळतो, वेग कमी होतो आणि वेळ वाढतो. तो वाढलेला वेळही तिसऱ्या भागातूनच काढायचा असतो.

महोदय, शासनाने काहीच केले नाही, असे मी म्हणत नाही. २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, त्याचे किनाऱ्यावर स्वागत आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून होड्या, जाळी आणि सुरक्षा साहित्यासाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य मिळते. ‘इस्रो’ने बनवलेले संकटसूचक यंत्र उपग्रहामार्फत होडीचा ठावठिकाणा कळवते, त्याच्या नव्या पिढीत संदेश पोचल्याची पावतीही मिळते. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. ‘इनकॉइस’ची लहान नौकांसाठीची सूचनाव्यवस्था लाटांची उंची, त्यांचा तीव्रपणा, दिशांचा विस्कळीतपणा आणि अचानक वाढणारा वारा यांवरून होडीला धोका किती ते आधीच सांगते.

ही सारी साधने मोलाची आहेत. पण मदत येईपर्यंत माणसे पाण्याच्या वर असतील, असे त्या प्रत्येकाने गृहीत धरलेले आहे. यंत्र ठिकाण सांगेल, जहाज किंवा हेलिकॉप्टर निघेल, तोवर काही तास जातील. ते तास माणसाने कशाला धरून काढायचे? ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ‘ओखी’ने केरळ आणि कन्याकुमारीच्या मच्छीमारांचा घास घेतला, त्यांतून निभावलेल्या कित्येक बोटी देवगडच्या आश्रयाला आल्या होत्या. त्या वादळातून वाचलेल्यांपैकी अनेकांनी उलटलेल्या होडीला धरून दिवस-रात्र काढल्याचे सांगितले. ज्यांच्या होडीने त्यांना तेवढे धरू दिले, ते सांगायला उरले.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात आणून देतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातले अतिरेकी ‘कुबेर’ या गुजरातच्या मासेमारी बोटीचा ताबा घेऊन मुंबईकडे आले. त्यानंतर देशभर बोटींची नोंदणी कडक झाली, नंबर ठळक लिहिले गेले, राज्याराज्यांचे रंग ठरले, खलाशांना ओळखपत्रे मिळाली. देशाची सुरक्षा म्हणून प्रत्येक होडीपाशी जाऊन ती तपासता येते, हे तेव्हा सिद्ध झाले. आता त्याच होडीपाशी तिच्यातल्या माणसांच्या सुरक्षेसाठी जायचे आहे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. ५०० लिटर फोमचा खर्च होडी, मशीन आणि जाळी यांच्या एकूण किमतीपुढे लहान आहे. तरीही तो गरीब मच्छीमारावर पडू नये, म्हणून अनुदानातच त्याची वेगळी तरतूद करावी. दुसरा आक्षेप माल कमी मावण्याचा. बाकांखालची आणि काठांच्या आतली जागा माशांसाठी तशीही फारशी वापरली जात नाही. शिवाय ज्या मालाने काठ पाण्याला टेकतो, तो माल त्या होडीचा नव्हेच. तिसरा आक्षेप माणसांच्या तुटवड्याचा, तपासायला जायचे कुणी? रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून मासेमारी नौकांवर काम करते आहे. प्रत्येक बंदरात मच्छीमार सहकारी संस्था आहे आणि वाळूच्या पोत्यांनी वजन भरायला गावातल्या चार तरुणांचे हात पुरतात. एका अधिकाऱ्याने उभे राहून पाहायचे आणि चित्रीकरणासह नोंद ठेवायची, एवढेच काम आहे.

तेव्हा माझी विनंती अशी आहे.

एक, अनुदानातून घेतल्या जाणाऱ्या १२ मीटरपर्यंतच्या प्रत्येक उघड्या होडीची भरतीच्या पाण्यात चाचणी व्हावी. तळाचे बूच काढून ती पूर्ण भरू द्यावी. ती सपाट राहिली आणि आत बसलेल्यांना पाणी उपसता आले, तरच ती उत्तीर्ण ठरावी.

दोन, सगळे खलाशी एका काठाला उभे केल्यावर तो काठ पाण्यापासून किती उंच राहतो, हे मोजून होडीवर कोरून लिहावे. किती माणसे, किती वजन आणि जास्तीत जास्त किती अश्वशक्ती, हेही तिथेच लिहावे.

तीन, वापरलेला फोम कुठल्या प्रकारचा, किती आणि कुठे, याचे लेखी हमीपत्र होडी बांधणाऱ्याने द्यावे. नोंदणीच्या कागदांत त्याची प्रत असावी.

चार, आज पाण्यात असलेल्या जुन्या होड्यांना आतून फोम बसवून घेण्यासाठी साहाय्य मिळावे. धोका नव्या होड्यांपेक्षा त्यांना जास्त आहे.

आणि स्वतःच्या पैशाने होडी घेणाऱ्या माझ्या भावांनाही याच पत्रातून सांगतो. पैसे मोजण्याआधी होडी भरून दाखव म्हणा. जो कारखानदार तयार होत नाही, त्याच्याकडून होडी घेऊ नका. मशीनची ताकद थोडी कमी घेतली तरी चालेल, पण रुंदी, काठाची उंची आणि फोम यांत काटकसर करू नका. होडी कितीही चांगली असली, तरी लहान होडीला डिसेंबरची शांत सकाळ आणि मेच्या अखेरचा बिघडता समुद्र सारखे नसतात. इशारा आला की ती वाळूवरच असावी.

महोदय, १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस मशीनच्या मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, खलाशी घरी असतात आणि खाडीत पाणी भरपूर असते. या चाचणीसाठी याहून सोयीचा काळ नाही. येत्या बंदीकाळात सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या एकेका बंदरापासून सुरुवात करा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून जी होडी बाहेर पडेल, ती भरली तरी बुडणार नाही, याची लेखी खात्री तिच्या तांडेलाच्या हातात द्या. हे आपल्या खात्याच्या अधिकारात आहे आणि आपण ते करावे, अशी कळकळीची विनंती.

आपला,
सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील एक नागरिक